करून राहिली

वकीलकाकूंचं दार वाजवलं की आतला अडकित्त्याचा आवाज आधी थांबायचा. मग प्रश्न यायचा, "कोण?"

दाराबाहेरचा माणूस अशा वेळी जे म्हणतो तेच मी म्हणायचे. "मी."

"बरोबर," आतून आवाज यायचा. "आता पुढचं सांग."

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी नववीत होते. आम्ही नुकतेच अमरावतीला, राजापेठेतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो होतो. आईने कोथिंबिरीची सांबारवडी केली होती आणि घरमालकीणबाईंना देऊन ये म्हणून मला खाली पाठवलं होतं. नाव सांगायला मला वेळ लागला. अनोळखी माणसाशी बोलायचं तर मी मनात आधी इंग्रजीत वाक्य जुळवायचे, मग त्याचं मराठी करायचे, आणि तोवर समोरच्याचं लक्ष उडालेलं असायचं. वकीलकाकू दार उघडून नुसत्या उभ्या राहिल्या. घाई नव्हती त्यांना.

"मी ऋचा. वरच्या मजल्यावर राहते."

"हे झालं नाव, अन् हा झाला पत्ता," ताटली हातात घेत त्या म्हणाल्या. "आंधी नुसतं 'मी' म्हटलं होतं ना, ते जास्त खरं होतं. ये आत."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं जरा फिरलेलं आहे. मी आत गेले ती फक्त ताटली रिकामी होऊन परत मिळेपर्यंत म्हणून. पुढे कितीतरी वर्षं जात राहिले.

त्यांचं नाव कमल. जिल्हा कोर्टात त्यांची दिवाणी वकिली होती. भावाभावांतल्या शेतीच्या वाटण्या, धुऱ्याची म्हणजे बांधाची भांडणं, कुळांचे दावे. लग्न केलं नव्हतं. "पाहाले आले होते दोघं-तिघं," त्या सांगायच्या, "मी दोन प्रश्न विचारले का ते आपली केस मांगं घेत." मी त्यांना पाहिलं तेव्हा कोर्ट सुटलेलं होतं, पण काळा कोट अजून बैठकीच्या दारामागे खुंटीला होता. धुऊन, इस्त्री करून. कशाला ठेवलाय, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "दाखवाले. कोट घातला का मी वकील. कोट काढला का कमल. आता कमलही काढून ठेवली खुंटीले, तर मांगं कोण उरते?" हे विचारताना त्या समोरच्याकडे अशा बघत, की त्याने उत्तर द्यायलाच हवं आणि तेही शपथेवर.

रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत चार-सहा माणसं जमायची. सत्संग म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून आम्ही वर्ग म्हणायचो. हार नाही, फोटो नाही, आरती नाही. पुस्तकं भिंतभर होती, पण कोणी काढायला गेलं तर, "वाचून झालं असन तर आता बोला," असं म्हणून त्या हात अडवायच्या. सतरंजीवर मंडळी, लाकडी खुर्चीत वकीलकाकू, मांडीवर सुपारीचा डबा. मी दाराशी बसायचे. शाळेच्या परीक्षेत मिळतात तसे गुण तिथे मिळणार नव्हते आणि कुणी बोल म्हणून मागे लागत नव्हतं, म्हणून मला ती जागा आवडायची. सुरुवातीला एवढंच कारण होतं.

आत्मा, ब्रह्म हे शब्द त्या क्वचितच वापरायच्या. त्यांचा सगळा वेदान्त वावरातून, शेतातून यायचा. "वावर माझं, असं म्हणते तव्हा वावर म्हणजे मी नाई, हे शेंबड्या पोट्ट्यालेही समजते. घर माझं, घर मी नाई. गुडघा माझा, दुखते, पण गुडघा मी नाई. इथपर्यंत सारे हुशार. अन् 'मन माझं' म्हटलं का सारे घोटाळले! तिथी काहून म्हणता मग, का मन म्हणजेच मी?" अडकित्ता कटकन वाजायचा. "मन कूळ आहे. वावर कसाले दिलं होतं त्याले. वर्षानुवर्षं कसून राहिलं, अन् आता कोर्टात उभं राहून म्हणते, मालक मीच. तुमी नोटीससुद्धा देत नाई त्याले."

बोबडेकाका नावाचे एक निवृत्त बँक मॅनेजर नेमाने यायचे. ज्ञान त्यांना बरंच होतं आणि स्कूटर वकीलकाकूंच्या फाटकासमोर आडवी लावायची सवय होती. वकीलकाकूंनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा वर्ग संपवून बोबडेकाका बाहेर गेले तर मागच्या चाकात हवा नव्हती.

ते तरातरा आत आले. "वकीलबाई, हे काय? आत्ताच तर तुम्ही सांगितलं, सर्व काही एकच तत्त्व आहे!"

"आहेच तर. तुमची स्कूटर ब्रह्म, माझं फाटक ब्रह्म," सुपारीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "अन् जे हवा होती ना चाकात, तेही ब्रह्मच. ब्रह्मात मिळून गेली. आता ढकला."

बोबडेकाकांनी स्कूटर राजापेठ चौकापर्यंत ढकलत नेली. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, स्कूटर गल्लीच्या टोकाला लावून. हे सांगायचं कारण, वकीलकाकू संत वगैरे नव्हत्या. तापट होत्या, गिला वडा दिसला की पथ्य विसरायच्या, आणि कुणी 'तुमची किती शांत वृत्ती' म्हटलं की मनापासून हसायच्या. "वृत्ती शांत नाई बाई. वृत्ती माकड आहे. मी फक्त त्याच्या शेपटीले लटकली नाई."

आता ती 'राहिली'ची गोष्ट.

आमच्या घरात वऱ्हाडी बोलायला बंदी होती. आई-बाबा दोघंही वऱ्हाडातच वाढलेले, आपसात भांडायला लागले की अस्सल वऱ्हाडीवर यायचे. पण माझ्या तोंडून 'मले' निघालं की आईचा चेहरा पडायचा. कॉन्व्हेंटमध्ये घालून उपयोग काय, असं ती म्हणायची. त्यामुळे मी इंग्रजी पुस्तकी बोलायचे, मराठीही पुस्तकी बोलायचे, आणि एकूणच कमी बोलायचे. वकीलकाकूंनी माझं नावच 'कॉन्व्हेंट' ठेवलं होतं.

मी कॉलेजात होते तेव्हाचा एक रविवार. बोबडेकाकांची पुण्याची सून सुट्टीत आली होती आणि ती त्यांच्याबरोबर वर्गाला आली. छान, हसरी बाई. वकीलकाकूंनी नेहमीप्रमाणे काहीतरी विचारून सगळ्यांना गप्प केलं होतं. मग अचानक माझ्याकडे वळल्या.

"काय वं कॉन्व्हेंट, तू काय करून राहिली तिथी दारात?"

मी दचकले, आणि इंग्रजीतून मराठीत यायला वेळच मिळाला नाही. "मी... मी विचार करून राहिली."

पुण्याच्या सुनेला हसू आवरलं नाही. वाईट हेतू नव्हता तिचा. "विचार करून राहिली? म्हणजे विचार करून झाला, आणि मग राहिलीस कुठे?"

सगळे हसले. मला कान गरम झालेले आठवतात आणि सतरंजीची एक सुटलेली दशी आठवते, कारण मी तिच्याकडेच बघत होते. उठून जायचं म्हणून मी चपला कुठे आहेत ते पाहायला लागले.

अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज आला. वकीलकाकू तो मधेच कधी खाली ठेवत नसत.

"हसू नका," त्या म्हणाल्या. रागाने नाही, उलट हरखून गेल्यासारख्या. "सूनबाई, पुन्हा विचारा बरं. जसंच्या तसं."

सूनबाई ओशाळली. "अहो, मी सहजच..."

"सहज नाई. इतकी वर्षं मी वऱ्हाडी बोलून राहिली, अन् माझ्या ध्यानातच नाई आलं. तुमी पुण्याचे म्हणून आलं तुमच्या ध्यानात." त्या खुर्चीतून पुढे झुकल्या. "तुमी म्हणता, 'करते आहे'. करणं संपलं का तुमी संपल्या. आमी म्हणतो, 'करून राहिली'. करून... राहिली. जेवून राहिली. रडून राहिली. विचार करून राहिली. जेवण होते, रडणं होते, विचार येते अन् जाते. अन् थे जे राहिली, थे कोण? कोठी राहिली?" मग माझ्याकडे बोट. "सांग कॉन्व्हेंट. प्रश्न तुले विचारला आहे. विचार करून झाला. कोठी राहिली तू?"

मी चपला शोधायचं सोडून दिलं. त्या दिवशी त्यांनी दुसरा विषय घेतलाच नाही. प्रत्येकाकडून एकेक क्रियापद वदवून घेतलं. बोबडेकाका 'स्कूटर ढकलून राहिलो' म्हणाले तेव्हा सूनबाईसुद्धा पोट धरून हसली.

भाषाशास्त्रात याला काही आधार नसेल. मी शोधायला गेले नाही. मात्र तेव्हापासून भीती वाटली की मी मनातल्या मनात वऱ्हाडीत म्हणते, मी घाबरून राहिली. मुलाखतीच्या आधी कंपनीच्या बाकावर बसून हेच म्हटलं होतं. भीती गेली नाही. पण घाबरण्याच्या पलीकडे, 'राहिली'च्या बाजूला, बसायला थोडीशी जागा असते हे कळलं. तेवढ्या जागेवरून मी उत्तरं दिली. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या ऑफिसात मी आज आहे ती त्यामुळे.

पुढे एका रविवारी वकीलकाकू बोलता बोलता थांबल्या. वाक्य असं होतं: "सुख आलं, दुःख आलं, त्याले पाहणारा जो..." आणि पुढचा शब्द आला नाही. त्यांचा सगळ्यात आवडता शब्द. कोर्टातही तोच, वर्गातही तोच. आम्हाला सगळ्यांना माहीत होता, पण कुणाच्यानेच तो सांगवेना. त्या हवेत बोटाने काहीतरी शोधत होत्या.

"जो पाहते थो," शेवटी त्या म्हणाल्या. "पाहते अन् बोलत नाई थो."

वर्ग उठल्यावर मला थांबायला सांगितलं. आदल्या आठवड्यात त्या बोबडेकाकांबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं, हे त्यांनी एखाद्या पक्षकाराला निकाल सांगावा तसं मला सांगितलं. आठवणी जातील. आधी नवीन, मग जुन्या. माणसं ओळखू येणार नाहीत. शेवटी आपण कोण, तेही.

त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.

"आतापर्यंत मी दुसऱ्याईची उलटतपासणी घेतली. मोठमोठ्यानं सांगितलं का मन म्हणजे मी नाई. आता मनच चाललं. गुडघा गेला तव्हा सोपं होतं, गुडघा मी नाई. हे सोपं नाई." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "भेव लागते वं मले. खोटं कशाले बोलू. सारं गेल्यावर मांगं कोणी राहते, का मी उगाच सांगत होती एवढी वर्षं?"

त्यांना घाबरलेलं मी प्रथमच पाहत होते.

"साक्षी!" त्या एकदम म्हणाल्या. हरवलेली किल्ली सापडावी तसा चेहरा झाला. "तोच शब्द. साक्षीदार पाहिजे मले. मी तर तव्हा सांगाले नसन. तू येत जा. पाहत जा, मी आहे का नाई ते."

"मी कशी सांगणार काकू? मला एवढं कळत नाही."

"बोलत नाई तू, पण पाहते. बोबडे लय बोलते, त्याची साक्ष टिकणार नाई." मग बोट रोखून म्हणाल्या, "पण खोटी साक्ष देऊ नको. माझ्या प्रेमानं म्हण का कोणाले बरं वाटावं म्हणून म्हण. जे दिसन तेवढंच सांगजो."

म्हणून हे लिहिताना मी तेवढंच सांगते आहे.

वर्षभर निभावलं. मग गॅस चालू राहिला, मग एकदा त्या भर दुपारी कोट चढवून कोर्टाकडे निघाल्या आणि वाट चुकल्या. अकोल्याहून त्यांचा भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे, एका गजबजलेल्या गल्लीत त्याचं घर आहे. भाचा दुकानात असतो. त्यांचं सगळं त्याची बायको रेखावहिनी करते, आणि न कुरकुरता करते.

मी पहिल्यांदा गेले तो दिवस वाईट होता. वकीलकाकू पलंगाच्या कडेला बसून रडत होत्या, लहान मुलासारख्या, आवाज न आवरता. मला त्यांनी ओळखलं नाही, पण माझा हात घट्ट धरला. "मले घरी ने. मी हरवली. मी दिसून नाई राहिली कोठी." रेखावहिनी म्हणाली, "दोन दिवसांपासून असंच चालू आहे. आईले हाका मारतात. त्यांच्या आईले जाऊन किती वर्षं झाली!" मला त्यांचाच प्रश्न आठवला. मी हरवली, असं जी म्हणून राहिली, ती कोण? तो जिभेवर आला आणि मी गिळला. रडणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारायचा नसतो. हात धरून बसले. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी काचेबाहेर बघत होते. त्या दिवशी कुणी साक्ष मागितली असती, तर मला सांगावं लागलं असतं की मला भीतीशिवाय काही दिसलं नाही. खोटं नाही सांगत.

मध्ये काही वेळा गेले. कधी त्या झोपलेल्या असायच्या, कधी मला रेखावहिनीची बहीण समजायच्या.

गेल्या हिवाळ्यात गेले तेव्हा दुपारची वेळ होती. जिना चढून वर आले. दार उघडंच होतं, तरी सवयीने मी ते वाजवलं.

"कोण?"

आवाज तोच, कोर्टातला. "मी," मी म्हटलं, आणि दारातच थांबले, पुढच्या शब्दाची, त्या जुन्या 'बरोबर'ची वाट बघत. तो आला नाही. वकीलकाकू गॅलरीत उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या. केस रेखावहिनीने नीट विंचरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली गल्लीकडे वळवली, तिथे एक संत्र्याची हातगाडी उभी होती. ओळख नव्हती, पण परकेपणाही नव्हता.

"आज बरं आहे," रेखावहिनी म्हणाली. "सकाळपासून हेच चालू आहे, बघा."

त्यांचे हात मांडीवर हलत होते. डाव्या हाताच्या चिमटीत काही नाही, उजव्या मुठीत काही नाही, तरी मूठ उघडत होती, मिटत होती. अडकित्ता लागेल म्हणून काढून घेतला होता. सुपारी कातरणं चालूच होतं.

मी खाली, त्यांच्या पायांशी बसले. मग विचारलं. वऱ्हाडीत विचारलं, आणि या वेळी कान गरम झाले नाहीत.

"काय करून राहिल्या, काकू?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भुलून राहिली."

हात थांबले होते. त्यांनी ती नसलेली सुपारी चिमटीत धरली, मूठ मिटली, आणि पुन्हा म्हणाल्या, "भुलून..." मधे बरीच जागा गेली. "...राहिली."

आणि हसल्या. मोठं नाही. बोबडेकाकांच्या स्कूटरची हवा सोडली होती तेव्हा हसल्या असतील तसं.

मी तिथे होते, मी ऐकलं, एवढं शपथेवर सांगते. मधली जागा त्यांनी सोडली, की शब्द सापडायला तेवढा वेळ लागला, हे मला ठरवता येत नाही. आमच्याकडे विसरण्याला भुलणंच म्हणतात; विसरणाऱ्या कुठल्याही बाईने हेच दोन शब्द म्हटले असते. चेहऱ्यावर भीती नव्हती. पहिल्या भेटीत भीती दिसली होती, तीही सांगितली.

चिमटीतलं खांड त्यांनी माझ्यापुढे केलं. मी ते हातावर घेतलं आणि तोंडात टाकलं.

निघताना नमस्कार केला तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं. जिना उतरून खाली आले. गल्लीत चालायला जागा नव्हती. सायकली, पोती, शाळेतून सुटलेली मुलं, संत्रेवाल्याची आरोळी. पाच-दहा पावलं गेले असेन, तोच वरून आवाज आला, अख्ख्या गल्लीवरून.

"कोण?"

मागे वळून पाहिलं. वकीलकाकू गॅलरीत तशाच बसल्या होत्या, ऊन तोंडावर घेऊन, हात पुन्हा कामाला लागलेले. माझ्याकडे पाहत नव्हत्या. कुणाकडेच पाहत नव्हत्या. त्यांच्या मागे दारात कुणी दिसत नव्हतं.

मी रस्त्यावर कधी मोठ्याने बोलत नाही. ऑफिसात लोकांना अजून मला दोनदा विचारावं लागतं, काय म्हणालीस म्हणून. पण प्रश्न विचारला होता आणि तिथे दुसरं कुणी उत्तर देणारं नव्हतं.

"मी!" मी ओरडले.

संत्रेवाला माझ्याकडे बघायला लागला. एक सायकलवाला थांबला. अडकित्ता धरल्यासारखी ती रिकामी मूठ वर हवेत थांबली.

"बरोबर," वकीलकाकू म्हणाल्या.